परवाना पाण्यावर मिळवायला हवा

सप्टेंबर 2022 मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या धरणात लागोपाठ दोन जीव गेले. आधी पोहायला उतरलेली एक व्यक्ती बुडाली. तिचा शोध घेण्यासाठी कोल्हापूरहून आलेल्या बचाव पथकातला एक जवानही त्याच पाण्यात गेला. जो माणूस पाण्याच्या कामासाठीच तयार झालेला होता, त्यालाही हे धरण सोपे गेले नाही. सुटीच्या दिवशी मित्रांच्या आग्रहाखातर कोणाच्या तरी होडीत बसणाऱ्याची आणि तिथे पहिल्यांदाच इंजिनाच्या दांड्याला हात लावणाऱ्याची काय कथा?

सिंदफणा नदीवरचे हे धरण 1987 साली पूर्ण झाले. त्याचा उपयुक्त साठा 312 दशलक्ष घनमीटर आहे. जायकवाडीच्या उजव्या कालव्याचे पाणीही त्यात येते. ते बांधले शेतीसाठी, आणि बीड शहराची तहानही तेच भागवते. पण दुष्काळी मुलखात धरण तुडुंब भरले की माणसे पाणी बघायला येणारच, आणि बघून झाले की पाण्यात जावेसे वाटणारच. मराठवाड्यातल्या मोठ्या जलाशयांवर नौकाविहाराची मागणी होते ती यामुळेच. या मागणीत गैर काही नाही. मात्र होडी कोण चालवणार आणि त्याला काय येते, हे विचारल्याशिवाय ती मान्य करणे धोक्याचे आहे.

हौसेने बोट चालवणाऱ्याला परवाना सक्तीचा केला तर अपघात कमी होतील का? होतील. पण तो परवाना कशाचा, यावर बरेच काही अवलंबून आहे.

उजनी धरणाचे उदाहरण पाहा. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. होडीत सात जण होते. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले, बाकीचे सहा जण गेले. त्यांत लहान मुलेही होती. मे महिन्यातला वळवाचा वारा ज्याने धरणावर पाहिला आहे त्याला काय घडले असेल हे सांगावे लागत नाही. फुगवट्याच्या मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला झाड नसते की टेकडी. बघता बघता लाटा उठतात आणि आडव्या आलेल्या होडीत पाणी भरू लागते. घाबरलेली माणसे उभी राहतात, एका बाजूला सरकतात, आणि मग होडी सावरणे कोणाच्याच हातात राहत नाही. अशा वेळी नाक लाटेच्या दिशेला वळवायचे, वेग कमी करायचा, सगळ्यांना खाली बसवायचे, एवढे ज्ञान जीव वाचवू शकते. त्याहून मोठे ज्ञान म्हणजे पश्चिमेला आभाळ काळवंडले की होडी सोडायचीच नाही. हे दोन्ही शिकवता येते आणि त्याची परीक्षाही घेता येते.

त्याच आठवड्यात अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेच्या पात्रात शोधकार्य करणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. प्रशिक्षित माणसांवरही पाणी उलटते. म्हणून परवाना हा सगळ्या आजारांवरचा उतारा आहे, असे कोणी सांगत असेल तर ते खरे मानू नये.

नुसत्या कागदाची किंमत किती, हे 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईने पाहिले. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि 15 जणांचा जीव गेला. धडक नौदलाच्या बोटीची होती, हे विसरता येत नाही. पण ‘नीलकमल’ला 84 प्रवाशांची परवानगी असताना तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती, हेही तितकेच खरे. परवाना होता, त्यावर संख्या लिहिलेली होती, फक्त ती पाळली गेली नाही. वडोदऱ्याच्या हरणी तलावात जानेवारी 2024 मध्ये सहलीला आलेली 12 मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या, तेव्हाही बोटीत जादा माणसे भरल्याचा आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नसल्याचा मुद्दा पुढे आला होता.

परदेशांचा अनुभव काय सांगतो? कॅनडाने 1999 पासून टप्प्याटप्प्याने हौशी बोटचालकांना पात्रता कार्ड बंधनकारक केले आणि 2009 पासून ते सर्वांना लागू झाले. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. तिथल्या तटरक्षक दलाच्या अहवालांत वर्षानुवर्षे दोन गोष्टी दिसतात. ज्या मृत्यूंमध्ये चालकाच्या शिक्षणाची माहिती मिळाली, त्यांतल्या साधारण तीन चतुर्थांश घटनांत चालकाने सुरक्षेचे शिक्षण घेतलेले नव्हते. आणि बुडून मेलेल्यांपैकी दर दहांत आठाहून अधिक जणांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. पहिल्या आकड्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये, कारण न शिकलेले चालक मुळातच जास्त असतील तर मृत्यूंतही तेच जास्त दिसणार. दुसऱ्या आकड्याबद्दल मात्र वाद घालायला फारशी जागा नाही. म्हणूनच परवाना आणि जॅकेट यांत आधी काय, असे कोणी विचारले तर उत्तर जॅकेट हेच आहे. तेही अंगावर, पट्टे आवळलेले. बोटीच्या टोकाला ढीग करून ठेवलेली जॅकेटे कामाची नाहीत, आणि मोठ्यांच्या मापाची जॅकेटे लहान मुलांच्या गळ्यात अडकवली, तर पाण्यात पडताच ती डोक्यावरून निसटतात.

आपल्याकडे कायदा नाही, असेही नाही. 1917 चा जुना कायदा बाजूला सारून संसदेने 2021 मध्ये अंतर्देशीय नौका कायदा केला. त्यात यांत्रिक नौकांची नोंदणी, तपासणी आणि त्या चालवणाऱ्यांची पात्रता प्रमाणपत्रे यांची तरतूद आहे. विनायांत्रिक नौकांचाही त्यात विचार केलेला आहे. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था पॉवर बोट चालवण्याचे आणि जीवरक्षकाचे प्रशिक्षण देते. अडचण आहे ती अंतराची. बीड जिल्ह्यातल्या तरुणाने त्यासाठी गोवा गाठायचा, राहण्या-खाण्याचा खर्च करायचा, हे घडणार नाही. मग परवाना सक्तीचा झाला की तो दलालाकडून मिळेल, आणि पाण्यात न उतरलेल्या माणसाच्या खिशात कागद येईल.

यातला सर्वांत नाजूक प्रश्न मासेमारांचा आहे. पाण्यावर पोट असलेला भोई समाज आणि इतर मासेमार धरणाची नस जाणतात. बुडालेली झाडे कुठे आहेत, जाळी कुठे लावली आहेत, कोणत्या बाजूने वारा उठला की परतायचे, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाहून चांगले ठाऊक असते. परवान्याच्या नावाखाली त्यांनाच पाण्याबाहेर काढले तर सुरक्षितता वाढण्याऐवजी घटेल. उलट शिकवणारे म्हणून त्यांना मानधन देऊन बोलवावे. शिवाय हौस आणि गरज यांतही फरक केला पाहिजे. गंगापूर तालुक्यातील भिवधानोऱ्याची मुले जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेला जात होती. 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. तिथे परवाना मागून काय उपयोग? तिथे पूल हवा.

माजलगावसाठी त्यामुळे मागणी नेमकी असावी. इंजिनाची बोट स्वतः चालवणाऱ्याला किंवा पैसे घेऊन माणसे नेणाऱ्याला परवाना सक्तीचा करा. तो धरणाच्या काठावर, मराठीतून, दोन-तीन दिवसांच्या प्रशिक्षणानंतर आणि प्रत्यक्ष पाण्यातल्या परीक्षेनंतरच द्या. उलटलेल्या होडीला धरून राहणे, पाण्यात पडलेल्या माणसाला मागच्या बाजूने गाठणे, पंख्यात जाळे अडकले की आधी इंजिन बंद करणे, हे करून दाखवल्याशिवाय सही होता कामा नये. होडीवर माणसांची मर्यादा ठळक मराठी अंकांत रंगवा, आणि सुटीच्या दिवशी माणसे मोजायला काठावर कोणी जबाबदार ठेवा. हवामान खात्याने वादळी वाऱ्याचा इशारा दिला की त्या दिवशी नौकाविहार बंद. जलसंपदा विभाग, जिल्हा प्रशासन आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांनी एकमेकांकडे बोट न दाखवता हे कोणी करायचे ते लेखी ठरवावे. एखादी दुर्घटना घडल्यावर चौकशी समिती नेमण्याहून हे खूप स्वस्त पडेल.

अधिक महिन्यात पुरुषोत्तमपुरी आणि मंजरथला गोदावरीकाठी भाविकांची रीघ लागते, तेव्हा हीच काळजी नदीवरही घ्यावी लागेल. आणि हे सगळे होईपर्यंत वाचकांना एवढीच विनंती आहे, की जॅकेट अंगावर आणि पट्टे आवळलेले नसतील तर होडीत पाय ठेवू नका. मुलांना तर अजिबात बसवू नका. आणि नावाड्याने आज वारा आहे म्हणून नकार दिला, तर त्याला जास्त पैशांचे आमिष दाखवू नका.