पार्श्वभूमी पुसण्यापूर्वी

घरगुती उद्योग चालविणाऱ्या अनेक कुटुंबांत हल्ली विक्रीच्या वस्तूंची छायाचित्रे घरीच काढली जातात. साडी उत्तम दिसते; मागे मात्र पलंगाची चादर डोकावते. ही मागची बाजू काढून टाकण्याची सोय कृत्रिम बुद्धिमत्तेने करून दिली आहे. २०२३ च्या जानेवारीत आलेले ‘कम्फीयूआय’ हे अशा साधनांपैकी एक. ते विनामूल्य व मुक्तस्रोत आहे.

त्याची रचना समजण्यास सोपी आहे. पडद्यावर लहान चौकटी असतात. त्यांना नोड म्हणतात. एक नोड चित्र उघडतो, दुसरा त्यावर प्रक्रिया करतो, तिसरा ते साठवितो. रेषांनी जोडलेल्या या चौकटींतून चित्र पुढे सरकते, जसा बँकेत धनादेश एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातो. चूक झाली, तर नेमके तेच टेबल तपासता येते.

पार्श्वभूमी काढणारा नोड बहुधा पूरक जोड म्हणून वेगळा बसवितात. त्यातील प्रारूप चित्राच्या प्रत्येक बिंदूला मूल्य देते : ० म्हणजे पार्श्वभूमी, १ म्हणजे मुख्य वस्तू. केस किंवा पदराची झालर यांच्या कडांना मधले मूल्य मिळते. म्हणून कड कात्रीने कापल्यासारखी दिसत नाही. तयार चित्र पीएनजी स्वरूपात साठवावे, कारण जेपीईजीमध्ये पारदर्शकता टिकत नाही.

येथवर सारे सोयीचे. खरा प्रश्न विश्वासाचा आहे. पूरक नोड म्हणजे बहुतेक वेळा अपरिचित व्यक्तीने लिहिलेली आज्ञावली. एकदा बसविली की ती संगणकावर वापरकर्त्याच्याच अधिकाराने चालते. जून २०२४ मध्ये ‘एलएलएमव्हिजन’ नावाचा एक पूरक नोड संकेतशब्द आणि कार्डांची माहिती चोरत असल्याचे उघडकीस आले. तो पार्श्वभूमी काढणारा नव्हता. पण बसविण्याची रीत तीच. ज्या संगणकावर घरचे बँक व्यवहार होतात, त्यावर असे प्रयोग न करणेच श्रेयस्कर.

दुसरी बाब परवान्याची. नोड फुकट मिळाला म्हणून त्यातील प्रारूप व्यवसायासाठीही फुकट असते, असे नाही. ‘बिरेफनेट’ हे प्रारूप एमआयटी परवान्याखाली असून त्यास व्यावसायिक वापराची मुभा आहे. ‘ब्रिया’ कंपनीचे ‘आरएमबीजी २.०’ मात्र अव्यावसायिक वापरापुरतेच खुले आहे. व्यवसायासाठी कंपनीशी वेगळा करार करावा लागतो. काही नोडमध्ये ही दोन्ही प्रारूपे एकाच यादीत शेजारी शेजारी दिसतात. साडीचे चित्र विक्रीसाठी असेल, तर यादीतील ही निवड केवळ आवडीची राहत नाही.

तेव्हा नोड बसविण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : तो कोणी लिहिला आणि त्यातील प्रारूपाचा परवाना काय सांगतो. जामीनपत्रावर सही करताना कोणीही शहाणा माणूस एवढे वाचतोच. येथे सहीऐवजी एक कळ दाबायची असते, म्हणून जबाबदारी कमी होत नाही.