नोट मोडली की गेली

ऑफिसच्या मगमध्ये चमचा गरागरा फिरवा आणि काढून घ्या. थोड्याच वेळात चहा शांत! मग तुमच्या हाताने दिलेली ऊर्जा गेली कुठे? ऊर्जा नष्ट होत नाही, हे तर आपण सगळेच शाळेत घोकून आलोय. मला हा प्रश्न भारी आवडतो, कारण त्याचं उत्तर थेट आपल्या पाकिटापर्यंत येतं.

पाचशेची नोट आठवा. अख्खी असते तोवर टिकते. एकदा मोडली की शंभराच्या, मग दहाच्या, मग चिल्लर, आणि संध्याकाळी पाकीट रिकामं. पैसे जळत नाहीत, बाजारभर पसरतात. पण ते गोळा करून पुन्हा तीच नोट कोण करणार?

चहात हेच होतं. चमच्याने झालेला मोठा भोवरा मोडून लहान होतात, त्यांचे आणखी लहान. इंग्लंडचा हवामानतज्ज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन याने 1922 साली ही भोवऱ्यांची उतरंड मांडली. रशियाच्या आंद्रेय कोल्मोगोरोव्हने 1941 साली तिचं गणित दिलं. भोवरे मिलिमीटरहूनही बारीक झाले की द्रवाचा चिकटपणा त्यांना गिळतो आणि त्यांची ऊर्जा उष्णता होते. म्हणजे चिल्लरसुद्धा संपली!

चहा तापला का? हो, पण तुम्हाला कळणार नाही इतकाच. जेम्स ज्यूलने 1840च्या दशकात वजनं खाली सोडून पाण्यातली पाती फिरवली आणि ही उष्णता मोजली. आजच्या हिशेबाने, एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोचं वजन तब्बल 427 मीटर खाली यायला हवं.

आता ती उष्णता रेणूंच्या धावपळीत विखुरली. ते सगळे रेणू एका दिशेने वळून तुमचा चमचा फिरवतील, हे विसरा. या विखुरण्याचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. रुडॉल्फ क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञाने हा शब्द 1865 साली घडवला. ऊर्जेची बेरीज तीच राहते, तिचा उपयोग मात्र संपतो.

खरी गंमत पुढे आहे. द्रव पातळ असेल तर नुकसान कमी, असं वाटतं ना? तसं नाही. प्रवाह पुरेसा खवळलेला असेल, तर भोवरे फक्त आणखी बारीक होतात, खर्च जवळपास तेवढाच. किती ऊर्जा उधळायची हे तळाचे नाही, वरचे मोठे भोवरे ठरवतात. त्यांचा वेग दुप्पट झाला, तर दर सेकंदाला उष्णतेत जाणारी ऊर्जा साधारण आठपट. बॉसने वर ढवळायचं आणि तापायचं मात्र ट्रेनीने. ओळखीचं वाटतंय?

आता हवेकडे या, कारण तीही द्रवासारखीच वाहते. तुमची कार हा हवेतला चमचाच आहे. ती मागे भोवऱ्यांची शेपटी सोडत जाते. बाजूने मोठा ट्रक सुसाट गेला की तुमची गाडी हलते ना, ती त्या भोवऱ्यांचीही करामत. हे भोवरे तुमच्या पेट्रोलवर फिरतात आणि हवा किंचित तापवून संपतात.

हिशेब सोपा आहे. ठरावीक अंतर कापताना हवेशी झगडायला लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी 80 ऐवजी 100 ने गेलात, तर हवेपायी साधारण 56 टक्के जास्त. एसी, टायर, इंजिनचा खर्च वेगळा. आणि मोकळ्या रस्त्यावर 100 किलोमीटरमागे तुमची वाचलेली वेळ? 15 मिनिटं.

कधी कधी ती 15 मिनिटं खरंच मोलाची असतात. फ्लाइट गाठायची असते, हॉस्पिटलमध्ये कुणीतरी वाट बघत असतं. तेव्हा खुशाल मोडा नोट, फक्त स्पीड लिमिट तेवढी पाळा. पण वीकेंडला लोणावळ्याला भजी खायला निघाला असाल, तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरा हलका ठेवा. भजी कुठे पळून जात नाहीत. मागे उडालेलं पेट्रोल मात्र कुठल्याच पंपावर परत मिळत नाही.