नावाचे तुकडे करणारी स्क्रिप्ट

दहावीच्या गुणपत्रिकेवर राज्य मंडळ आडनाव आधी छापते. आधारवर नाव येते ते नोंदणीच्या वेळी आपण जसे सांगितले तसे. पॅनच्या अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडता येत नाही. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि उरलेले नाव दुसऱ्या ओळीत. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या शेख किंवा सय्यद घरातल्या मुलीने हे चार कागद शेजारीशेजारी ठेवले, तर चार वेगळ्या मुलींचे कागद आहेत असे वाटावे. पूर्वी हा घोळ खिडकीपलीकडचा कारकून डोळ्यांनी पाहायचा आणि कधी समजून घ्यायचा, कधी हेलपाटे घालायला लावायचा. आता ते काम बऱ्याच ठिकाणी एक छोटी स्क्रिप्ट करते. अशा स्क्रिप्टी लिहिणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून आज त्याविषयी.

एका लॉगिनवर अनेक सेवा उघडतात त्याला ‘सिंगल साइन-ऑन’ म्हणतात. केंद्र सरकारची ‘मेरी पहचान’ ही अशी सोय जुलै २०२२ मध्ये सुरू झाली; डिजिलॉकरच्या खात्यावरून आपण दुसऱ्या सरकारी पोर्टलवर जातो ती वाट तीच. विद्यापीठांसाठी गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ने ‘इन्फेड’ चालवले आहे, ज्यामुळे विद्यार्थ्याला घरी बसून शोधनियतकालिके वाचता येतात. यात पासवर्ड एकाच ठिकाणी तपासला जातो. तिथून पुढच्या पोर्टलला काही माहिती पाठवली जाते: नाव, ईमेल, विद्यार्थी की शिक्षक, कोणता जिल्हा. या एकेका माहितीला ‘अ‍ॅट्रिब्यूट’ म्हणतात. पुढच्या पोर्टलला तुम्ही दिसत नाही, ही अ‍ॅट्रिब्यूट्स तेवढी दिसतात.

आता अडचण अशी की पुढच्याला हवी ती माहिती मागच्याकडे हव्या त्या रूपात नसते. आधारच्या ई-केवायसीत नावाचा रकाना एकच आहे. पहिले नाव आणि आडनाव तिथे वेगळे ठेवलेलेच नाही. पोर्टलला मात्र दोन किंवा तीन रकाने भरायचे असतात. मग ‘शिबोलेथ’, ‘कीक्लोक’ अशा यंत्रणांमध्ये मध्येच एक स्क्रिप्ट बसवता येते, जी असलेल्या माहितीतून नसलेली माहिती तयार करते. नावाच्या बाबतीत ती बहुतेक वेळा चार ओळींची असते. जिथे मोकळी जागा दिसेल तिथे तोडा, पहिला तुकडा नाव, शेवटचा तुकडा आडनाव, मधले काय असेल ते मधले नाव.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मीही अशीच लिहिली होती. चाचणीसाठी दहा नावे घेतली, दहाही ‘स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ अशी. दहाही बरोबर निघाली, काम संपले. माझे स्वतःचे नाव मी त्यात घातले नव्हते. घरी, शाळेत, मशिदीत सगळे ‘शेख’ आधी लावून हाक मारतात. ते नाव घातले असते तर पडद्यावर ‘नमस्कार, शेख’ आले असते आणि अब्बांचे नाव माझे आडनाव झाले असते.

समजा नाव आहे ‘अब्दुल रहमान शेख’. स्क्रिप्ट म्हणते, पहिले नाव अब्दुल. अरबीत ‘अब्द’ म्हणजे बंदा, आणि ‘उल’ हा पुढच्या नावाला जोडणारा भाग. बंदा कोणाचा, ते ‘रहमान’ सांगतो. तोडल्यावर ‘नमस्कार, अमुकचा बंदा’ एवढेच उरते, अमुक कोण ते मधल्या नावात गेलेले असते. ‘मोहम्मद’ने सुरू होणाऱ्या नावांचे आणखी वेगळे. घरात तीन भाऊ असतील तर तिघांचेही पहिले नाव ‘मोहम्मद’, आणि स्क्रिप्टने पहिले नाव व आडनाव जोडून युजरनेम बनवले तर तिघेही एकच. शेवटी एक, दोन, तीन आकडे लावून भागते, पण फक्त तोवर, जोवर दुसरी एखादी यंत्रणा नाव आणि जन्मतारीख जुळवून ‘हा तोच माणूस’ असे ठरवत नाही. आपल्याकडे १ जूनला जन्मलेले किती आहेत ते सांगायला नको. गुरुजींनी दाखल्यावर लावलेली ती तारीख आता दोन निराळ्या माणसांना एक ठरवायला पुरते. एकाची शिष्यवृत्ती ‘आधीच अर्ज केला आहे’ म्हणून अडते, किंवा एकाच्या खात्यात दुसऱ्याची कागदपत्रे दिसतात.

हे फक्त आपलेच दुखणे आहे असे मात्र समजू नका. गुणपत्रिकेवरून नाव उचलले तर कुलकर्णी आणि गायकवाडही उलटे होतात. आणि राज्य सरकारने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही घालायचे ठरवले आहे: मुलाचे, आईचे, वडिलांचे, मग आडनाव. ‘दुसरा तुकडा म्हणजे वडील’ असे धरून बसलेली प्रत्येक स्क्रिप्ट या मुलांच्या आईला वडील करील. फरक इतकाच की इतरांसाठी नियम बदलला म्हणून स्क्रिप्ट चुकेल. आपल्यासाठी ती पहिल्या दिवसापासून चुकते आहे.

यावर आपल्याला मिळणारा सल्ला ठरलेला आहे: नाव बदलून घ्या, राजपत्रात द्या, आडनाव शेवटी टाका. कागद एकसारखे ठेवणे शहाणपणाचे आहे, तेवढे मी प्रत्येक मुलाला सांगतो. शेखचे स्पेलिंग तीन प्रकारे लिहिण्याची आपली सवय आपणच मोडली पाहिजे. पण यातली एक गोष्ट हेल्पलाइनवर बसलेल्यालाही बहुधा माहीत नसते. असे अ‍ॅट्रिब्यूट अनेकदा कुठे साठवलेलेच नसते, ते प्रत्येक लॉगिनला नव्याने तयार होते. तुम्ही पोर्टलवर अर्ज करून नाव दुरुस्त करून घेता, कोणीतरी मनापासून दुरुस्तही करतो, आणि दुसऱ्या दिवशी लॉगिन करताच स्क्रिप्ट जुनी चूक परत लिहून टाकते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम १२ मध्ये माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. पण इथे चूक नोंदीत नसून नियमात आहे. तक्रार करताना ‘माझे नाव दुरुस्त करा’ एवढेच लिहू नका. ‘आधारमधील पूर्ण नाव जसेच्या तसे दाखवा, त्याचे भाग पाडू नका’ असे लिहा. ती तक्रार योग्य टेबलावर जाण्याची शक्यता जास्त.

उपाय अवघड नाही. ‘ओपनआयडी कनेक्ट’ या प्रचलित पद्धतीत पूर्ण नावाचा रकाना वेगळा आहेच, आणि माणूस ओळखण्यासाठी ‘सब’ नावाचा एक स्वतंत्र क्रमांक आहे, जो नावावरून काढायचा नसतो आणि दुसऱ्या कोणाला पुन्हा द्यायचा नसतो. ओळख त्या क्रमांकाने पटवावी, नाव फक्त दाखवावे. नावातून ओळख काढली की काय होते ते पॅनवर दिसते: पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते, लग्नानंतर आडनाव बदलले तरी ते अक्षर तसेच राहते. आपल्या जिल्ह्याचेच पाहा. सप्टेंबर २०२३ च्या अधिसूचनेने उस्मानाबादचे धाराशिव झाले. त्याबद्दल कोणाचे काय मत आहे तो वेगळा विषय, पण गाड्यांवरचे एमएच-२५ हलले नाही, म्हणून कोणाची गाडी अनोळखी झाली नाही. उलट जिथे जिल्ह्याचे नाव अक्षरांनी जुळवून पात्रता ठरते, तिथे रहिवासी दाखला जुन्या नावाचा आणि अर्ज नव्या नावाचा असला की मुलगा जिल्ह्याबाहेरचा ठरू शकतो.

स्क्रिप्ट कोणी लिहिली आणि कोणी वाचली, हाही प्रश्न आहे. जी स्क्रिप्ट ‘विद्यार्थी’ लिहू शकते ती ‘प्रशासक’ही लिहू शकते. कीक्लोकने हे ओळखून स्क्रिप्टची सोय मुळात बंद ठेवली आहे; ती मुद्दाम सुरू करावी लागते, आणि प्रशासकाच्या पडद्यावर बसून थेट स्क्रिप्ट टाकता येत नाही, ती फाइलमध्ये बांधून सर्व्हरवर ठेवावी लागते. म्हणजे निदान ती आणखी एका माणसाच्या नजरेखालून जाते.

तो आणखी एक माणूस आपल्यातला असू शकतो. धाराशिव, लातूर, सोलापूरच्या महाविद्यालयांतून इंजिनिअर होऊन पुण्यात आणि हैदराबादेत हेच काम करणारी आपली मुले-मुली आता कमी नाहीत. तुमच्या चाचणीच्या फाइलमध्ये एक नाव ‘शेख’ने सुरू होणारे, एक ‘अब्दुल’चे, एक आडनावच नसलेले, एक ‘बी’ किंवा ‘बेगम’ने संपणारे आणि एक चार शब्दांचे, आईच्या नावासकट, टाका. शक्य असेल तर पहिले तुमचे स्वतःचे टाका.