बुरशीच्या विषावर वनस्पतींचा उतारा

१९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या आदिवासी जिल्ह्यांत काविळीची साथ पसरली आणि सुमारे शंभर माणसे दगावली. अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी धरलेला मका त्यांच्या खाण्यात आला होता. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने निर्माण केलेले अफ्लाटॉक्सिन हे त्या मृत्यूंचे कारण ठरले. यकृताच्या कर्करोगाशीही या विषाचा संबंध निर्विवाद सिद्ध झालेला आहे.

धोका आजही ओसरलेला नाही. बुरशी लागलेली पेंड जनावराने खाल्ली की विषाचा अंश दुधात उतरतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या देशव्यापी पाहणीत दुधाच्या ६,४३२ पैकी ३६८ नमुन्यांत तो मर्यादेबाहेर आढळला. दूध उकळल्याने किंवा दाणे भाजल्याने हे विष पुरते नाहीसे होत नाही. म्हणून ते तयारच होऊ न देणे हाच खरा मार्ग उरतो.

या मार्गावर संशोधकांचे लक्ष स्वयंपाकघरातील डब्याकडे वळले, हे विशेष. लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड ही द्रव्ये बुरशीच्या पेशीचे आवरण खिळखिळे करून तिची वाढ रोखतात. कडुनिंबाची तऱ्हा याहून निराळी. अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांना १९८८ मध्ये असे दिसले, की कडुनिंबाच्या पानांच्या अर्कात बुरशी वाढते, पण विषाची निर्मिती मात्र मंदावते. कणगीत कडुनिंबाचा पाला घालण्याची आपल्याकडील रीत किडीसाठी होती. किडीने पोखरलेल्या दाण्यातच बुरशीला सहज शिरकाव मिळतो, तेव्हा आजीबाईंच्या शहाणपणाला आणखी एक आधार मिळाला म्हणायचा.

परंतु काचपात्रातील यश गोदामात टिकेलच असे नाही. ही तेले उडून जातात, दाण्यातील स्निग्धांशात मुरून निष्प्रभ होतात. मात्रा वाढवली तर शेंगदाण्याला लवंगेचा वास येतो आणि ग्राहक पाठ फिरवतो. ती फार कमी पडली तर काही प्रयोगांत विषनिर्मिती उलट वाढलेली दिसली आहे. तेलाचे अतिसूक्ष्म कण आवरणात बंदिस्त करून ते हळूहळू सोडण्याचे प्रयोग बनारस हिंदू विद्यापीठासह अनेक ठिकाणी झाले आहेत. त्यात आशा आहे. प्रश्न खर्चाचा आहे. तो खर्च कोणी सोसायचा, याची चर्चा मात्र प्रयोगशाळेत होत नाही. थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी युरोपीय संघाची मर्यादा किलोमागे चार मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे निर्यातदार हा भार एकवेळ उचलेल. गावच्या आठवडी बाजारात ओलसर शेंगा विकणाऱ्या शेतकऱ्याला त्यासाठी जादा भाव कोण देणार? त्याच्या हाती आजही ऊन, ताडपत्री आणि कोरडी जागा एवढेच उपाय आहेत, आणि काढणीच्या वेळी पाऊस लांबला की त्यांतले ऊनही त्याच्या हाती राहत नाही.