अर्ध्या तासाचा अल्बम, आठ मिनिटांत निकाल

१५ नोव्हेंबर २०२४. रात्री बाराच्या ठोक्याला लिंकिन पार्कचा ‘फ्रॉम झिरो’ रिलीज झाला. सात वर्षांनंतरचा नवा अल्बम, चेस्टर बेनिंग्टन गेल्यानंतरचा पहिला, आणि माइकसमोर नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग. हॉस्टेलच्या खोलीत दिवे बंद, एक इअरफोन माझ्या कानात, दुसरा रूममेटच्या. सगळा मिळून जेमतेम अर्ध्या तासाचा मामला. बारा चाळीसला माझी इन्स्टा स्टोरी तयार: ‘मिड. जुनंच गरम करून वाढलंय.’ सकाळपर्यंत साठ-सत्तर जणांनी पाहिली, तिघांनी आगीचा इमोजी पाठवला. झाला रिव्ह्यू!

मास कॉमच्या वर्गात ही स्टोरी मी मोठ्या थाटात दाखवली, तेव्हा सरांनी एवढंच विचारलं, ‘अल्बम किती वेळा ऐकलास?’ मी गप्प.

हे आठवायचं कारण म्हणजे जानेवारी २०२६ मध्ये, २४ आणि २५ तारखेला, मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा इंडिया होतं आणि लिंकिन पार्क पहिल्यांदाच भारतात येणार होते. आमच्या ग्रुपवर ‘चेस्टरशिवाय लिंकिन पार्क नाहीच’ असं छातीठोक लिहिणारे तेव्हा परतीची शेवटची लोकल कितीला आहे ते विचारत होते. नव्या रॉक अल्बमवर आपण आणि समीक्षक जे काही पहिल्या दिवशी बोलून टाकतो, त्याचं नंतर काय होतं, हे बघायला याच बँडइतकं चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

मे २०१७. मी नववीत जाणार होते. लिंकिन पार्क मला दाखवणारा माझा मावसभाऊ, आमचा दादा, इंजिनीअरिंगला होता. त्याच्या खोलीच्या दारावर ‘हायब्रिड थिअरी’चं पोस्टर होतं. २००१ मध्ये अमेरिकेत सगळ्यात जास्त विकला गेलेला अल्बम तो हाच. अशा दादासमोर १९ मे रोजी ‘वन मोअर लाइट’ आला. गिटार कुठेतरी मागे, आरडाओरडा जवळपास नाहीच, सगळं गुळगुळीत पॉप. आधीचा ‘द हंटिंग पार्टी’ (२०१४) कान फाडणारा होता, त्यामुळे हा धक्का जास्तच बसला. ‘हेवी’ हे पहिलं गाणं लिहायला ज्युलिया मायकल्स आणि जस्टिन ट्रँटर ही पॉपमधली जोडी होती. दादाने हेडफोन काढला आणि म्हणाला, ‘विकले गेले हे.’

समीक्षकांनीही यापेक्षा फार वेगळं काही म्हटलं नाही, फक्त चांगल्या इंग्रजीत म्हटलं. अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिल्या नंबरवर गेला, पण बहुतेक रिव्ह्यूंनी त्याची पिसं काढली. चेस्टरही मुलाखतींमध्ये या ‘विकले गेले’वरून चांगलाच भडकला होता.

२० जुलै २०१७ रोजी चेस्टरने आयुष्य संपवलं. रिलीजला दोन महिने आणि एक दिवस झाला होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. रिव्ह्यूंमुळे असं झालं, असं म्हणणं चूक आहे. नैराश्य, व्यसन, लहानपणचे अत्याचार यांबद्दल तो वर्षानुवर्षं उघडपणे बोलत आला होता, आणि अशा घटनेला एकच एक कारण कधीच नसतं. पण त्या दिवसानंतर तोच अल्बम लोक वेगळ्या कानांनी ऐकायला लागले. शीर्षकगीत मुळात बँडच्या रेकॉर्ड कंपनीतल्या, कॅन्सरने गेलेल्या एका मैत्रिणीसाठी लिहिलेलं. मे महिन्यात ख्रिस कॉर्नेल गेला, तेव्हा बँडने अमेरिकन टीव्हीवर ठरलेलं ‘हेवी’ सोडून हेच गाणं त्याच्यासाठी म्हटलं होतं. जुलैनंतर जगभरातले चाहते तेच चेस्टरसाठी गायला लागले. दादाने पोस्टर काढलं नाही, पण त्या अल्बमबद्दल बोलणं मात्र बंद केलं.

मग समीक्षक चुकले का? मी या आठवड्यात तो अल्बम चारदा ऐकला. माझं मत: अर्धे चुकले. ‘आवाजावर इतका मुलामा चढवलाय की बँड ऐकूच येत नाही’ ही तक्रार तेव्हा खरी होती आणि आजही आहे. दहापैकी तीन गाणी मी पुन्हा लावेन, बाकीची गुळमुळीतच आहेत. गायक गेला म्हणून गाणं चांगलं होत नाही. चुकलं ते पुढच्या उडीत. आवाज मऊ झाला म्हणजे माणसं खोटी झाली, पैशासाठी झाली, हे कुणी कसं ठरवलं? कानाला काय ऐकू आलं ते समीक्षकाने बिनधास्त सांगावं, पण गाणाऱ्याच्या मनात काय होतं ते हेडफोनमधून ऐकू येत नाही.

असं काही पहिल्यांदा घडलेलं नाही. वीझरचा ‘पिंकर्टन’ १९९६ मध्ये आला तेव्हा ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनी त्याला वर्षातल्या सगळ्यात वाईट अल्बममध्ये बसवलं. २००४ मध्ये त्याच मासिकाने त्याला पाचपैकी पाच तारे दिले. पण मधल्या काळात वीझरचा पुढचा अल्बम यायला २००१ उजाडलं आणि तो आला तोही अगदी जपून, मोजूनमापून. उशिरा मिळालेल्या ताऱ्यांचा या जपण्यावर काही इलाज नव्हता. दहापैकी दशांशात गुण देणाऱ्या ‘पिचफोर्क’ने तर २०२१ मध्ये स्वतःच्याच १९ रिव्ह्यूंचे गुण बदलले. इंटरपोलच्या पहिल्या अल्बमचे ९.५ थेट ७.० वर आले. आपल्या युनिव्हर्सिटीचं रीचेकिंग बरं म्हणायचं!

एक फरक मात्र लक्षात घ्यायला हवा. पूर्वी रिव्ह्यू ही गरज होती. कॅसेट किंवा सीडीला खिशातले पैसे मोजायचे, दुकानातून घरी आणल्यावर फसलो तर फसलो. त्यामुळे घ्यायची की नाही, हे आधी सांगणारं कुणीतरी लागायचं. काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ मध्ये बंद झालं आणि ती सवयही गेली. आता रिव्ह्यू वाचण्याआधीच अख्खा अल्बम ऐकून होतो. म्हणजे ‘घेऊ की नको’ हा प्रश्न संपलाय. जानेवारी २०२४ मध्ये ‘पिचफोर्क’ ‘जीक्यू’मध्ये विलीन करून बऱ्याच जणांना घरी पाठवलं, त्यामागे हेही एक कारण असणार असं मला वाटतं.

मग उरलं काय? माझ्या मते, कारण. मला आवडलेल्या गाण्यात ढोल नेमका कुठे थांबतो आणि म्हणून पुढची ओळ का लागते, हे कुणी दाखवलं तर मी आजही हजार शब्द वाचेन. आकडा वाचून मला काहीच कळत नाही. माझ्या ‘मिड’मधूनही कुणाला काही कळलं नसणार.

‘फ्रॉम झिरो’चे रिव्ह्यू आता सलग वाचले तर गंमत वाटते. एकंदरीत कौतुक झालं, पण अनेकांची कुरकुर होती की हे फारच जुन्या लिंकिन पार्कसारखं आहे, सेफ खेळलेत. २०१७ मध्ये तक्रार होती की जुन्यासारखं का नाही! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तरी ही कुरकुर मला पटते. ‘टू फेस्ड’ ऐकताना २००० साल डोळ्यांसमोर येतं आणि ते मुद्दाम आणलंय हेही जाणवतं. पण ‘हेवी इज द क्राउन’मध्ये एमिली एका श्वासात जी किंचाळी लांबवत नेते, ती तिची स्वतःची आहे, चेस्टरची नक्कल नाही. हे मला तिसऱ्या वेळी ऐकताना कळलं. बारा चाळीसला ते कळणं शक्यच नव्हतं, तेव्हा मी कॅप्शन सुचवत होते.

हा लेख लिहायच्या आधी दादाला फोन केला. आता तो हिंजवडीत नोकरी करतो, पोस्टर कधीच गेलंय. ‘वन मोअर लाइट’बद्दल विचारलं. जरा वेळ गप्प राहिला.

‘ते एक गाणं चांगलंय गं. अल्बम अजूनही नाही आवडत मला. पण विकले गेले म्हणालो होतो ना, ते नको होतं म्हणायला.’

मग विचारलं, ‘तिकीट काढलंस का? माझं पण काढ.’