मार्क्सचें अर्थशास्त्र आणि कपाशीचें बीं

मार्क्सचें नांव निघतांच आमच्या कांहीं जमीनधारक बंधूंच्या कपाळास आठ्या पडतात. हा गृहस्थ आपली जमीन काढून घ्यावयास निघाला होता, एवढीच त्यांची समजूत असते. ती सर्वस्वीं निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि १८६७ सालीं निघालेल्या ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडांतील एक विचार शेतकऱ्यानें अवश्य पाहावा. चढाओढींत मोठें भांडवल लहानास गिळतें व धंदा अखेरीस थोडक्या हातांत एकवटतो, असें तो दाखवितो.

बियाण्यांच्या धंद्यांत नेमकें हेंच घडलें. २०१७ सालीं डाऊ व ड्यूपाँट या अमेरिकन कंपन्या एक झाल्या. त्याच वर्षीं चीनच्या केमचायनानें स्वित्झर्लंडची सिंजेंटा घेतली. २०१८ सालीं जर्मनीच्या बायरनें मोन्सँटो घेतली. सहांचे चार झाले. जे बीं विकतात तेच फवारणीचें औषधहि विकतात!

आपल्याकडे बीटी कपाशीस २००२ सालीं परवानगी मिळाली आणि दहा-बारा वर्षांत कपाशीखालील नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन तिनें व्यापिली. बोंडअळी प्रथम आटोक्यांत आली, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु बीं संकरित. घरचें धरून पुढें पेरावें तर पीक एकसारखें येत नाहीं. दरसाल पाकीट घेणें आलेंच. सातबारा आपल्या नांवचा, पण पेरणीची किल्ली परक्या हातीं. फ्रान्समधील लहान शेतकरी जमिनीचा धनी असूनहि गहाणखतामुळें सावकारासाठीं राबतो, असें मार्क्सनें १८५२ सालीं लिहिलें होतें. तो सावकार निदान ओळखीचा तरी असे.

लहान शेतकरी नाहींसा होईल हें त्याचें भाकीत मात्र आपल्या देशांत खोटें ठरलें. कृषिगणनेप्रमाणें १९७०-७१ सालीं सुमारें ७ कोटी शेतखातीं होतीं, सरासरी २.२८ हेक्टरांचीं, २०१५-१६ सालीं तीं १४ कोटींवर गेलीं व सरासरी १.०८ हेक्टरांवर आली. आणि त्याच्या अनुयायांनीं रशियांत १९२९ पासून सक्तीनें सामुदायिक शेती लादली, तिच्या मागोमाग १९३२-३३ चा भीषण दुष्काळ आला. निदान घ्यावें, तें औषध आम्हांस नको.

डिसेंबर २०१५ मध्यें केंद्र सरकारनें आदेश काढून कापूस-बियाण्याचा दर ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. दराला लगाम बसला, पण बीं घरचें झालें नाहीं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनें सरळ वाण काढले आहेत. त्यांचें बीं सभासदांच्याच शेतांत तयार करवून संघानें वाटावें, अशी आमची सूचना आहे. आरंभ तालुक्यास दहा एकरांचा असला तरी चालेल; मात्र पेऱ्यापूर्वीं उगवणशक्ति तपासलेली असावी.