फॅमिली हिस्टरी? ‘नो’!

फ्रीलान्सिंगचे फायदे खूप. बॉस नाही, पंचिंग नाही, मंडे ब्लूज नाहीत. तोटा एकच, ऑफिसचा मेडिक्लेमही नाही! म्हणून परवा रविवारी शहाण्या मुलीसारखी लॅपटॉप उघडून हेल्थ इन्शुरन्सचा फॉर्म भरायला बसले. स्मोकिंग? नो. डायबेटिस? नो. फॅमिली हिस्टरी ऑफ कॅन्सर? अर्थात, नो. ‘टर्म्स अँड कंडिशन्स’वर आपण ज्या स्पीडने क्लिक करतो ना, अगदी त्याच स्पीडने.

मागे आई चहा घेऊन उभी होती. कप खाली ठेवत हळूच म्हणाली, ‘‘अगं, तिथे ‘हो’ लिही.’’

‘‘म्हणजे? कुणाला होता?’’

‘‘मोठ्या मावशीला. ब्लड कॅन्सर.’’

मी चाटच! मावशी गेली तेव्हा मी दुसरीत होते. पेपरातल्या छोट्या चौकोनात ‘दीर्घ आजाराने निधन’ असं छापून आलं होतं आणि घरातही तेवढंच बोललं गेलं. वीस वर्षं! ‘‘सांगितलं का नाहीस?’’ तर म्हणे, ‘‘उद्या तुझ्या लग्नाचं बघताना लोक शंभर प्रश्न विचारतात बाई.’’ घरात आम्ही दोघीच, तरी ‘कॅन्सर’ म्हणताना तिचा आवाज खाली गेला होता.

त्या रात्री झोप कसली येतेय! डोक्यात एकच प्रश्न. आता माझा नंबर का?

त्याचं उत्तर शोधता शोधता मला एक भन्नाट बाई भेटली. डॉ. जॅनेट राउली. जन्म १९२५, न्यूयॉर्कचा. १९४८ मध्ये शिकागो युनिव्हर्सिटीतून डॉक्टर झाली आणि दुसऱ्याच दिवशी लग्न केलं. पुढे चार मुलगे. त्यांच्यासाठी बाईंनी कितीतरी वर्षं पार्टटाइम नोकरी केली. तिशीच्या आत ‘सेटल’ व्हायचं टेन्शन घेणाऱ्या आपल्या जनतेसाठी सांगते, ज्या शोधामुळे त्यांचं नाव झालं, तो लागला तेव्हा त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. आणि त्यातलं बरंचसं काम झालं ते चक्क घरच्या डायनिंग टेबलवर!

आपल्या प्रत्येक पेशीत ४६ क्रोमोसोम्स म्हणजे गुणसूत्रं असतात. आपली सगळी जनुकं, म्हणजेच जीन्स, त्यांच्यावर असतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एक नवं रंगवण्याचं तंत्र आलं आणि मायक्रोस्कोपखाली प्रत्येक गुणसूत्रावर वेगवेगळे पट्टे दिसू लागले. साधारण बारकोडसारखे. राउली त्यांचे फोटो घरी आणायच्या, एकेक गुणसूत्र कात्रीने कापायच्या आणि टेबलावर जोड्या लावत बसायच्या. मुलं चिडवायची, आई कागदी बाहुल्या खेळतेय!

१९७२ मध्ये ल्युकेमियाच्या पेशंट्सचे असे फोटो लावताना त्यांना दिसलं की आठ नंबरच्या गुणसूत्राचा तुकडा एकवीसवर गेलाय आणि एकवीसचा आठवर. त्यानंतर सीएमएल नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या ब्लड कॅन्सरमध्येही तसंच काहीसं दिसलं. या पेशंट्समध्ये बावीस नंबरचं गुणसूत्र आखूड असतं, हे फिलाडेल्फियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६० मध्येच दाखवलं होतं. सगळे समजत होते की तो तुकडा गळून गेला. राउलींनी दाखवून दिलं की तो हरवलेला नाही, नऊ नंबरला जाऊन चिकटलाय!

ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर दोन फायलींची पानं फाटली आणि चुकून एकमेकींत स्टेपल झाली. त्यातून एक भलतीच ऑर्डर तयार झाली : ‘पेशी वाढवत राहा, थांबू नका.’ झाला कॅन्सर.

त्या काळात बऱ्याच तज्ज्ञांना वाटायचं, गुणसूत्रांची ही मोडतोड कॅन्सरचा परिणाम असावी. राउली ठाम होत्या की हेच कारण आहे. त्या बरोबर ठरल्या. सीएमएलमधली ती चुकीची ऑर्डर नेमकी बंद पाडणारी गोळी बनली, इमॅटिनिब. २००१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. ज्या आजारात आधी मोजकी वर्षं हातात असायची, त्यात आज अनेक जण रोज गोळी घेऊन नोकरी-संसार करतायत. या गोळीचं आपल्याशीही नातं आहे. नोव्हार्टिस कंपनीला तिच्यावर भारतात पेटंट हवं होतं. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनसह अनेकांनी विरोध केला आणि १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने कंपनीला नकार दिला. म्हणून स्वस्त भारतीय गोळ्या मिळत राहिल्या.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. राउलींनी पाहिलेली ही अदलाबदल माणूस जन्मतःच घेऊन येत नाही. आयुष्यात पुढे कधीतरी बोन मॅरोमधल्या एखाद्या पेशीत ती होते आणि तिथेच राहते. मुलाबाळांकडे जात नाही. म्हणजे कॅन्सर हा जनुकांचा आजार आहे हे खरं, पण दर वेळी घराण्याचा नाही! सगळे कॅन्सर धरले तर अनुवंशिक म्हणावेत असे साधारण ५ ते १० टक्केच.

हुश्श! पण पिक्चर अभी बाकी है.

आठ-एकवीसच्या त्या अदलाबदलीत एकवीस नंबरवरचं जे जनुक तुटतं, त्याचं नाव रनएक्स-वन. १९९९ मध्ये कळलं की काही घराण्यांत याच जनुकातला बिघाड पिढ्यान् पिढ्या चालत येतो. अशा लोकांच्या प्लेटलेट्स बहुधा लहानपणापासून कमी असतात, जरा लागलं की काळंनिळं पडतं आणि ल्युकेमियाची रिस्क इतरांपेक्षा बरीच जास्त असते. प्रत्येकाला होतोच असं नाही, पण आई किंवा बाबांकडे हा बिघाड असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याचा चान्स ५० टक्के.

आता विचार करा. भावाला ल्युकेमिया झालाय, बोन मॅरो द्यायचाय, बहिणीचा मॅच झाला. पण तोच बिघाड तिच्यातही असेल तर? म्हणून डॉक्टर आधी विचारतात, घरात अजून कुणाला होता का? तिथे कुणी ‘दीर्घ आजार’ म्हणून गप्प बसलं तर उपचारच चुकू शकतो.

अँजेलिना जोलीने २०१३ मध्ये जे केलं ते आठवतंय? आई कॅन्सरने गेली म्हणून तिने टेस्ट केली, बीआरसीए-वन जनुकात बिघाड निघाला आणि तिने वेळीच निर्णय घेतला. तिच्या घरी निदान काय झालं होतं ते माहीत तरी होतं!

मी एका डॉक्टर मैत्रिणीला सगळं सांगितलं. तिने तीन प्रश्न विचारले. कुठला कॅन्सर? कितव्या वर्षी? अजून कुणाला? ती म्हणाली, एकाच नातेवाइकाला झाला म्हणजे अनुवंशिक असेलच असं नाही. पण एकाच बाजूच्या दोघा-तिघांना झाला असेल किंवा फार कमी वयात झाला असेल, तर जेनेटिक काउन्सेलरला भेटायचं. टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात अशी क्लिनिक्स आहेत. स्वतःच नेटवरून टेस्ट किट मागवून घाबरत बसायचं नाही.

मग काय, मामाला फोन लावला. आधी तो गडबडला, मग तासभर बोलला. मावशीला अडतिसाव्या वर्षी झाला होता. आजोळी दुसऱ्या कुणालाच नाही. तिला पिक्चरचं भयंकर वेड होतं आणि हॉस्पिटलातही ती नर्सना हिंदी डायलॉग ऐकवायची, हे मला पहिल्यांदाच कळलं. स्पीकरवर ऐकत असलेली आई मध्येच हसली आणि मग डोळे पुसत किचनमध्ये गेली.

राउली २०१३ च्या डिसेंबरमध्ये गेल्या. त्यांना अंडाशयाचा कॅन्सर होता. कुठला ते सगळ्या जगाला माहीत आहे, कारण त्यांच्या निधनाच्या बातमीत आजाराचं नाव होतं.

माझ्या फॉर्मवर आता ‘येस’ आहे. प्रीमियम वाढला तर वाढला! या रविवारी तुम्हीही आईला, आत्याला, मामाला फोन लावा. लग्नाचा विषय निघेलच, तेवढं सहन करा.